कलेसाठीचे सरकारी हायस्कूल: हा प्रयोग कुठे झाला आणि कसा टिकला?

पाटीपेन्सिल

मंडळी, नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्रशालेत मी गेली १९ वर्षे चित्रकला शिकवीत आहे. मागील महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने साधाच प्रश्न विचारला. क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलाला शाळा आणि सराव या दोन्ही गोष्टी सरकारी खर्चाने मिळतात, मग चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या किंवा नाटकात रमणाऱ्या मुलासाठी तशी शाळा का नसावी? बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते. मुख्याध्यापकांनी मला या विषयावर टिपण करायला सांगितले आहे, आणि ते पुढे जिल्हा परिषदेकडे पाठवण्याचा समितीचा विचार आहे.

मला आठवी ते बारावीच्या वयातील मुलांसाठीच्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या आणि फीवर अवलंबून नसलेल्या कलाशाळांचा इतिहास हवा आहे. बारावीनंतरची कला महाविद्यालये मला ठाऊक आहेत, त्यामुळे ती या चर्चेत नकोत. अशी शाळा प्रथम कोणी काढली, कशासाठी काढली, नेहमीच्या विषयांचे काय केले आणि मुले कशी निवडली, हे कोणी सांगू शकेल काय? आमच्या तालुक्यात एक डी. एड. विद्यालय प्रवेशाअभावी बंद पडले असून त्याची इमारत कुलूप लावून ठेवलेली आहे. समितीचा डोळा त्या इमारतीवर आहे, हेही येथे प्रामाणिकपणे सांगतो.

गोदाकाठ

सर, आपण शेवटी लिहिलेले वाचून मला हसू आले, कारण या कथेची सुरुवातच मुळी बंद पडलेल्या डी. एड. विद्यालयापासून होते. नोकरीनिमित्त ९ वर्षे न्यूयॉर्कमध्ये काढून मी आता नांदेडला परतलो आहे. तेथील घराजवळच ही शाळा असल्यामुळे तिच्याविषयी बरेच वाचले होते.

फियोरेल्लो ला गार्डिया हे १९३४ ते १९४५ या काळात न्यूयॉर्कचे महापौर होते. त्यांचे वडील लष्करी बँडचे प्रमुख होते आणि महापौरांना स्वतःलाही संगीताची विलक्षण ओढ होती. तो काळ महामंदीचा होता. कारखाने बंद होते आणि शिक्षकभरती थांबली होती, त्यामुळे हार्लेम भागातील टेकडीवरचे शहराचे शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयही बंद पडले होते. त्या मनोऱ्यांच्या, गॉथिक धाटणीच्या रिकाम्या इमारतीत फेब्रुवारी १९३६ मध्ये 'हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट' सुरू झाले. मुले त्या इमारतीला 'कॅसल', म्हणजे गढीच, म्हणत. पहिले मुख्याध्यापक बेंजामिन स्टाइगमन हे होते. भाकरीची भ्रांत असताना चित्र आणि संगीताची शाळा काढणे हा वेडेपणा वाटण्याजोगा निर्णय होता, तरीही आपल्या कारकिर्दीतील सर्वांत आशादायक काम म्हणून ला गार्डिया याच शाळेकडे बोट दाखवीत.

आपल्या टिपणासाठी महत्त्वाची बाब वेगळीच आहे. ही शाळा म्हणजे संगीत विद्यालय किंवा चित्रशाळा नव्हती. शहरातील इतर कोणत्याही हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे गणित, विज्ञान, इतिहास आणि भाषा हे सर्व विषय तेथे पूर्णपणे शिकवले जात, आणि त्याखेरीज दिवसाचा मोठा भाग मुलगा किंवा मुलगी आपल्या कलेच्या वर्गात घालवीत असे. त्यामुळे चौथे वर्ष संपले की हाती पडणारे प्रमाणपत्र इतर मुलांच्या प्रमाणपत्राच्या तोडीचे असे. शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुले डॉक्टर, वकील किंवा शिक्षक झाली, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. मिल्टन ग्लेझर हेही याच शाळेचे विद्यार्थी. न्यूयॉर्कवरील प्रेम लाल हृदयाच्या चिन्हातून सांगणारे त्यांचे बोधचिन्ह आज आपल्याकडील टी-शर्टांवरही दिसते.

दुसरा धागा याहून निराळा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकलिन केलर या मुख्याध्यापकांनी आपल्या व्यावसायिक हायस्कूलला जोडून नाट्य, नृत्य आणि संगीत यांचे 'स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स' काढले. ही शाळा ४६ व्या रस्त्यावर, नाट्यगृहांच्या वस्तीत, १९ व्या शतकातील एका जुन्या शाळेच्या इमारतीत भरत असे. केलर यांची भूमिका अशी होती की, सुतारकाम किंवा छपाई हा जसा व्यवसाय आहे तसाच अभिनय हाही आहे, आणि म्हणून तो व्यवसाय म्हणूनच शिकवावा. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली शाळा प्रशालेच्या घरात जन्मली आणि दुसरी आयटीआयच्या. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावाजलेले सिडनी ल्युमेट यांनी तेथे काही काळ अभिनय शिकवला. अल पचिनो तेथेच शिकत होते, परंतु त्यांनी शाळा अर्धवट सोडली.

दोन्ही शाळा एका छपराखाली आणाव्यात ही ला गार्डिया यांची इच्छा होती, मात्र १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये शाळा एकत्र झाल्या त्या केवळ कागदावर. मध्ये १९७५ चे आर्थिक संकट आले आणि शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे राहिले. लिंकन सेंटर या मोठ्या नाट्य-संगीत संकुलाजवळची नवी इमारत मिळून मुले प्रत्यक्षात एकत्र बसली ती १९८४ मध्ये, म्हणजे कागदावरील विलीनीकरणानंतर २३ वर्षांनी. सरकारी काम तेथेही थांबतेच. आज ती शाळा ला गार्डिया यांच्याच नावाने ओळखली जाते.

निवडीविषयी सांगायचे तर, न्यूयॉर्कमध्ये ९ विशेष सरकारी हायस्कुले आहेत. त्यांपैकी ८ शाळांचा प्रवेश एका लेखी परीक्षेवर होतो. या एकाच शाळेत गाऊन, वाजवून, नाचून, अभिनय करून किंवा चित्रांचा संच दाखवून प्रवेश मिळतो. त्यासोबत आधीच्या शाळेतील गुणही पाहिले जातात, आणि हा भाग कायम वादाचा राहिला आहे. २०१९ मध्ये तेथील शेकडो विद्यार्थी शाळेतच ठिय्या देऊन बसले होते. कलेपेक्षा पुस्तकी गुणांना अधिक वजन दिले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती.

संबळ

गोदाकाठ यांनी दिलेली माहिती उत्तम आहे. परंतु 'गाऊन दाखवा आणि प्रवेश घ्या' हे वाक्य जितके निरागस वाटते तितके ते नाही, असे मला वाटते.

मी तुळजापूरकडचा असून गोंधळ्याच्या घरात वाढलो आहे. वयाच्या आठव्या वर्षी मी वडिलांसोबत रात्ररात्र संबळ वाजवीत होतो. पुढे एका ठिकाणी संगीताच्या निवड चाचणीला गेलो, तेव्हा मला विचारण्यात आले की कोणत्या परीक्षा दिल्या आहेत, ताल त्रितालात मोजून दाखवता येईल काय, आणि रागाचे नाव काय. मला त्यांतले काहीही सांगता येईना. माझ्या आधी बसलेला मुलगा प्रवेशिका उत्तीर्ण होता. त्याचा हात माझ्यापेक्षा तयार होता असे मला आजही वाटत नाही, पण त्याच्याजवळ शब्द होते. त्याची निवड झाली.

माझा मुद्दा एवढाच आहे की, प्रात्यक्षिक निवडीत खासगी शिकवणी लावलेल्या मुलाचे पारडे लेखी परीक्षेपेक्षाही जड होऊ शकते. गणिताचे पुस्तक जिल्हा परिषदेच्या शाळेतही मिळते. हार्मोनियम मिळत नाही.

दौलताबादची वाट

संबळ यांच्या मुद्द्याकडे नंतर येतो. त्याआधी मूळ प्रश्नाची मराठवाड्यातील बाजू मांडतो, कारण 'आपल्याकडे का नाही' याचे उत्तर पैशांच्या टंचाईत जितके आहे तितकेच नकाशाच्या रेषेत आहे.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. त्या शाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळा अजिंठ्याला येत राहिले आणि १८८५ पर्यंत लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांमध्ये होते. या प्रतिकृती लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने कित्येक वर्षे राबून केलेल्या प्रतिकृतींचे नशीबही १८६६ मध्ये लंडनच्याच एका आगीत असेच फुटले होते. पुढे १९०९ ते १९११ या काळात प्रतिकृती करणाऱ्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस प्रभृती तरुण बंगाली चित्रकार आले, आणि हैदराबाद संस्थानाकडून आलेले सय्यद अहमदही त्या कामात होते.

म्हणजे मुंबई, कलकत्ता आणि लंडन येथील विद्यार्थ्यांची पाठशाळा आपल्या उंबऱ्यात भरत होती. अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांतील मुलांना मात्र हातात कुंचला धरायला शिकवणारी शाळा नव्हती. अजिंठा निजामाच्या राज्यात होता आणि जे. जे. मुंबई इलाख्यात. त्या इलाख्यात चित्रकला हा शाळेचा विषय झाला आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची घडी तेथे बसली. आपला प्रदेश त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिला.

निजामाच्या राज्यात आपल्या लोकांनी शाळा काढल्या त्या वेगळ्या गरजेतून. माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. अशा वेळी मराठीतून शिकता यावे हीच पहिली लढाई होती. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याचे शिक्षक होते आणि नंतर मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. ज्या शाळांवर भाषा टिकवण्याचे आणि माणसे उभी करण्याचे ओझे होते, त्यांनी चित्रशाळा का काढली नाही, असे विचारणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि १९५८ मध्ये विद्यापीठ मिळाले. राज्याचे कला संचालनालय १९६५ चे आहे. पुढे औरंगाबादला शासकीय कला महाविद्यालय निघाले आणि विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागही आला, परंतु या दोन्हींचे दार शालेय शिक्षण संपल्यावरच उघडते. आपण विचारता ते आठवी ते बारावीचे वय मधल्या मध्ये मोकळे राहिले.

आणखी एक गोष्ट टिपणात अवश्य घाला. राज्याने हुशार ग्रामीण मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने काढली आणि केंद्राने १९८६ च्या धोरणानुसार नवोदय विद्यालये काढली. आपल्या जिल्ह्यातील गढीचे नवोदय आपण पाहिलेच असेल. सरकारने खेड्यातील मुलांना निवडून निवासी शाळेत ठेवण्याचे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. फक्त 'हुशार' या शब्दाचा अर्थ बुद्धिमापन, अंकगणित आणि भाषा एवढाच धरला. याउलट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, तेही १०० पेक्षा अधिक पट असेल तर, कलेला अर्धवेळ निदेशक पुरेसा मानला आहे. आपली मागणी नव्या तत्त्वाची नाही, जुन्याच तत्त्वाचा अर्थ रुंद करण्याची आहे, अशी मांडणी केल्यास अधिकाऱ्यांना नकार देणे जड जाईल.

पाटीपेन्सिल

आपणा सर्वांचे आभार. अजिंठ्याचा भाग मी समितीसमोर वाचून दाखवणार आहे. आमची सहल दर दोन वर्षांनी तेथे जाते, पण ही बाजू मी मुलांना कधी सांगितली नव्हती, याची खंत वाटली.

एक अडचण विचारतो. आमच्याकडील पालकांचा पहिला प्रश्न 'दहावीचे काय?' हाच असतो. रेखाकला परीक्षेची श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे सांगितल्यावर वर्गात मुले वाढतात, आणि श्रेणी हाती पडल्यावर पुन्हा कमी होतात. ज्या पालकाने कर्ज काढून मुलाला शिकवायचे ठरवले आहे, त्याला मी दोष देणार नाही. न्यूयॉर्कच्या प्रमाणपत्राचे उदाहरण त्याला पटणार नाही. भारतात असे कोठे झाले आहे काय?

भूपाळी

सर, झाले आहे, आणि तेही न्यूयॉर्कच्या ६ वर्षे आधी. मी लातूरला संगीत शिकवते आणि कथकळी पाहण्यासाठी दोन वेळा केरळला जाऊन आले आहे.

कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मुकुंदराजा यांनी १९३० मध्ये केरळ कलामंडलम स्थापन केले. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी चक्क लॉटरीची तिकिटे विकली होती. मंदिरांच्या आणि जमीनदार घराण्यांच्या आश्रयावर जगणारी कथकळी तो आश्रय आटल्यावर मरणपंथाला लागली होती, आणि ती वाचवायची तर कोवळ्या वयाची मुले हवीत, हे त्यांनी ओळखले होते. भारतपुळा नदीकाठच्या चेरुतुरुत्ती येथे ही संस्था आहे. पुढे सरकारने ती हाती घेतली आणि आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र त्या संस्थेच्या शाळेत आहे. तेथे आठवीपासून मुले घेतात. पहाटे शारीरिक मेहनत आणि कलेचा सराव असतो, आणि दिवसाचा उरलेला भाग शाळेच्या विषयांसाठी असतो. दहावीला ही मुले जी परीक्षा देतात तिचे नावच 'आर्ट हायस्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट' असे आहे. केरळचे परीक्षा भवन सर्वसाधारण दहावीसोबतच ती घेते आणि तिचा निकालही त्याच दिवशी लावते. परीक्षेला बसणारी मुले शंभराच्याही आत असतात, तरी त्यांच्यासाठी राज्य वेगळी प्रश्नपत्रिका काढते. आपल्याकडे एवढ्या मुलांसाठी एवढा खटाटोप कोण करील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. तेथील एका शिक्षकांना तो विचारला, तेव्हा ते नुसते हसले.

सगळे गोडच आहे असे मात्र समजू नका. कथकळीच्या नियमित वर्गात मुलींना प्रवेश मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. सरकारी संस्थेतही परंपरेच्या नावाखाली दार अर्धेच उघडे राहू शकते.

खर्चाच्या दृष्टीने मी आपल्याला तिसरे उदाहरण सुचवीन. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स या शहरात १९७३ मध्ये एक सरकारी कलाकेंद्र निघाले. त्यांनी सुरुवातीला पूर्ण हायस्कूल काढलेच नाही. मुले आपापल्या नेहमीच्या शाळेत विषय शिकत आणि अर्धा दिवस या केंद्रात येऊन कला शिकत. प्रमाणपत्र मूळ शाळेचे, आणि कला केंद्राची. जॅझ वादक विंटन मार्सालिस हे तेथेच घडले, आणि त्यांचे वडील एलिस तेथे शिकवीत असत. आपल्या तालुक्यात एसटीच्या एका फेरीच्या अंतरावर पाच-सहा प्रशाला असतील, तर कुलूप लावलेली ती डी. एड.ची इमारत दुपारचे केंद्र म्हणून मागता येईल. नव्या शाळेची मान्यता, नवी पदे आणि संचमान्यता (पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर होणे) यांत अडकलात तर आपण निवृत्त व्हाल, सर, आणि फाईल तेथेच राहील.

दौलताबादची वाट

भूपाळीताईंची सूचना व्यवहारी आहे, परंतु मी तिच्याशी पूर्णपणे सहमत नाही. अर्ध्या दिवसाचे केंद्र बंद करणे फार सोपे असते. शिक्षक अर्धवेळ आणि वेळही उरलेली असली की पहिल्या काटकसरीत तेच जाते. न्यूयॉर्कच्या शाळेवर वाईट दिवस आले तेव्हा ती तगली, कारण ती पूर्ण शाळा होती. तिचे माजी विद्यार्थी होते, पालकसंघ होता, आणि १९७१ मध्ये राज्याने केलेल्या कायद्यात तिच्या प्रात्यक्षिक निवडीला आधार मिळाला होता. सुरुवात दुपारच्या केंद्राने करा, पण अर्जात पूर्ण शाळेचा शब्द राहू द्या.

भूपाळी

हे मान्य आहे. तो शब्द राहू द्यावा.

संबळ

निवडीविषयी माझे म्हणणे अर्धवट राहिले होते. अर्ज लिहिताना दोन गोष्टी कृपया विसरू नका.

पहिली गोष्ट अशी की, पोराला काय येते हे विचारण्याआधी त्याला आठ-दहा दिवस शिकवा आणि मग पाहा. चित्राचा संच मागू नका, कारण ज्याच्या घरी रंगाची पेटी नाही त्याच्याकडे संच कोठून येणार? त्याला कागद द्या, माती द्या, संबळ द्या, त्याच्या आजीची जात्यावरची ओवी म्हणायला सांगा, आणि आठव्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा किती पुढे गेला ते मोजा. त्रितालाचे नाव नंतर सांगता येते.

दुसरी गोष्ट तारखेची. आपण बीडचे आहात, तेव्हा ती आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. न्यूयॉर्कला ही निवड थंडीच्या दिवसांत होते. आपल्याकडे दिवाळी झाली की अर्धा वर्ग आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातो आणि शिमग्याच्या आसपास परत येतो. डिसेंबर-जानेवारीत निवड ठेवली, तर फडावर असलेल्या एकाही लेकराचे नाव यादीत येणार नाही, आणि अहवालात मात्र 'प्रतिसाद अल्प' असे लिहिले जाईल.

पाटीपेन्सिल

संबळ, आमच्या नववीच्या वर्गातील ४१ पैकी १७ मुले गेल्या वर्षी फडावर होती. रेखाकला परीक्षा सप्टेंबरअखेरीस होते म्हणून त्यांतील सहा जणांना तरी ती देता आली. निवडीचा पंधरवडा मी पोळा आणि घटस्थापना यांच्या मध्ये घालून मसुदा तयार केला आहे. इमारतीच्या उताऱ्यासाठी उद्या तालुक्याला जात आहे. मसुदा येथेच टाकीन, तेव्हा कृपया सर्वांनी तो कठोरपणे तपासावा.